सूर धरणाऱ्याचं प्रोफाइल

मल्लेश गुरव काय वाजवतो, असं माकणीत कुणाला विचारलं तर माणूस जरा घोटाळतो. सनई त्याचा थोरला भाऊ शिवानंद वाजवतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मल्लेश त्याच्या शेजारी बसतो. त्याच्याही तोंडात सनईच असते, गालही फुगलेले असतात, पण तो एकच सूर धरून बसलेला असतो. थोरला त्या सुरावर चढतो, उतरतो, गावभर फिरून येतो आणि हा आपला तिथल्या तिथं. लग्न लागून पहिली पंगत उठेपर्यंत तो सूर तुटता कामा नये. त्यासाठी गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं नवा श्वास ओढून घ्यायचा. हे जमायला मल्लेशला तीन वर्षं लागली होती. बाप त्याला तांब्यातल्या पाण्यात पपईच्या देठाची नळी धरून फुंकायला बसवायचा, आणि बुडबुडे थांबले की पाठीत रट्टा बसायचा.

एवढं करून लोकांच्या लेखी तो कोण, तर ‘दुसरा’. लग्नात वाजवायची सुपारी द्यायला येणारे विचारायचे, “शिवाअण्णा येनार, अन् त्यो दुसरा येनार न्हवं?” मांडवात अण्णांना फेटा आणि याला टोपी. फोटोवाला अण्णांचा फोटो काढायचा, त्यात याचं कोपर यायचं. एकतीस वर्षांत लोहारा, उमरगा, नळदुर्ग या पट्ट्यातल्या किती संसारांच्या अल्बमात हे कोपर जाऊन बसलं असेल, त्याची मोजदाद नाही. कुणी कळवळून काही बोललंच तर मल्लेश म्हणायचा, “सूर दिसायचा नसतोय.” यावर समोरचा मान डोलवायचा. मल्लेशला स्वतःला मात्र ते फारसं पटलेलं नसायचं.

लग्नाचंही तेच. तो पंचविशीत असताना उदगीरकडचे पाहुणे आले होते. अण्णा नेमके सुपारीवर गेलेले. मुलीच्या मामांना हौस, म्हणाले, वाजवून दाखवा की. मल्लेशनं सनई घेतली आणि सूर धरला. पाहुणे माना डोलावत गाणं सुरू व्हायची वाट बघत बसले. पोहे संपले, चहा संपला. शेवटी मामा म्हणाले, “बरं, आता फुडचं?” मल्लेश सनई खाली ठेवून म्हणाला, “फुडचं अण्णा वाजवत्यात.” पाहुणे कळवतो म्हणून गेले ते गेलेच. पुढं आणखी दोन ठिकाणं झाली, मग चाळिशी उलटली आणि वैनींनी, म्हणजे शिवानंदच्या बायकोनं, महानंदानं, विषय काढायचं सोडून दिलं. भावाच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली, तिथं तो राहायचा. वैनी वाढायच्या ते जेवायचा. पुतणी निकिता लातूरला शिकायला गेल्यापासून घरात त्याच्याशी सुपारी आणि जेवण सोडून तिसऱ्या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

मग उमरग्याचा आसिफ भेटला. हा आधी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा, आता दोन वर्षं परदेशी पर्यटकांच्या जहाजावर बँडमध्ये होता. सुट्टीवर आलेला. लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर चहा पिता पिता त्यानं मल्लेशला ज्ञान दिलं.

“रील टाकून काय होतंय, मल्लेशभाई? बघनारे बघत्यात अन् सरकवत्यात. काम देनारे लिंक्डइनवर हायत. कोट घालून बसल्यात सगळे. जहाजावर बँड कुनाचा लावायचा, हॉटेलात कोन गानार, नाटकात कोन वाजवनार, ते तिथं ठरतंय. माझं काम तिथनंच झालं, कसम से.”

त्यानं तिथंच मल्लेशच्या फोनवर प्रोफाइल उघडायला घेतलं. नाव काय टाकू म्हणाला.

“शिवानंद गुरव.”

“अन् तुमचं?”

“माझं कशाला? नुसता सूर मागवनार हाय का कोन?”

आसिफनं त्याच्याकडं जरा बघितलं, मग खांदे उडवून शिवानंद गुरव टाकलं. फेट्यातला अण्णांचा फोटो लावला. खाली ‘पारंपरिक सनईवादक, पस्तीस वर्षांचा अनुभव’ असं इंग्रजीत लिहिलं. दोघांनी पासपोर्ट काढून ठेवा, म्हणाला. रोज चार अनोळखी माणसांना ओळखीची विनंती पाठवायची, कुणाला नवी नोकरी लागली की अभिनंदन करायचं, आणि महिनाभर कुणी विचारलं नाही तर तोंड पाडून बसायचं नाही, एवढं बजावून तो परत जहाजावर गेला.

मल्लेशच्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे. अण्णांचं नाव व्हावं हे तर होतंच. पण सनई जोडीनंच वाजते. अण्णांना कुणी परदेशात बोलावलं तर सूर धरायला दुसरा लागणारच. दोन तिकिटं निघणार. आयुष्यात एकदा सोलापूरच्या पलीकडं जाऊन बसायचं आणि वाजवायचं, एवढीच त्याची हाव होती, तीही भावाच्या फेट्याआडून.

रेंज चांगली मिळायची ती धरणाच्या भिंतीवर. दुपारी जेवण झालं की मल्लेश तिथं जाऊन बसायचा. समोर तेरणेचं पाणी, पाठीमागं ऊस, आणि माणूस म्हणाल तर एखादा मासे धरणारा, तोही लांब. इंग्रजी त्याचं बारावी नापासाचं, पण फोन भाषांतर करून द्यायचा. देवळाच्या ओवरीत विटांच्या ढिगावर फोन टेकवून दोघा भावांचं अकरा मिनिटांचं वाजवणं त्यानं चित्रित केलं होतं, ते प्रोफाइलवर टाकलं. मग पोर्तुगालमधल्या कुणा बाईला बढती मिळाली, केलं अभिनंदन. दुबईतल्या कुणाला नोकरीत दहा वर्षं पुरी झाली, केलं अभिनंदन. लोक उत्तर द्यायचे, ‘धन्यवाद, शिवानंद. तुम्ही कसे आहात?’

तुम्ही कसे आहात, हे मल्लेशला कैक वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं. आता रोज दोघं-तिघं विचारायचे, फक्त अण्णांना विचारायचे. सहा महिन्यांत सहाशे माणसं जोडली गेली. त्यात मनिलाचा एक पियानो वाजवणारा होता, हॉटेलात काम करणारा. त्याचा बाप वारला तेव्हा मल्लेशनं त्याला चार दिवस लिहिलं, बाप गेल्यावर घर कसं वाटतं ते. तोही मोकळेपणानं लिहायला लागला. एकदा त्यानं विचारलं, तुला भाऊबहीण आहेत का?

मल्लेशनं शिवानंद म्हणून लिहिलं, ‘एक धाकटा भाऊ आहे. माझ्याबरोबर वाजवतो.’

‘कसा आहे?’

यावर मल्लेशनं उत्तर लिहायला घेतलं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘चांगला आहे. गप्प असतो.’

जानेवारीत बेल्जियममधल्या एका बाईंचं पत्र आलं. नाव आनेलीस. त्यांची आठ जणांची छोटी मंडळी होती, दोरावरचे खेळ आणि नाटक यांची सांगड घालून ते गावोगाव प्रयोग करायचे. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुमची चित्रफीत आम्ही सगळ्यांनी कितीतरी वेळा ऐकली. तो न तुटणारा श्वास आमच्या मनातून जात नाही. आमच्या नव्या खेळासाठी आम्हाला तो कलाकार हवा आहे. पाच महिन्यांचं काम आहे. दुर्दैवानं आमच्याकडं एकाच वादकाची जागा आहे.’

भाषांतर चोख होतं. चुकला तो मल्लेश. त्यात त्याचाही दोष म्हणता येत नाही, कारण सनईची तारीफ म्हणजे सनई वाजवणाऱ्याची तारीफ, हे त्याच्या घरात बापापासून चालत आलेलं. ‘दम आहे’ असं मांडवात कुणी म्हणालं की अण्णा छातीला हात लावून वाकायचे आणि मल्लेश त्यांच्याकडं कौतुकानं बघायचा. न तुटणारा श्वास म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं अण्णांची लांबलचक तान आली. दुसरं काही आलंच नाही.

मग एकाच जागेचं वाक्य त्यानं पुन्हा वाचलं. म्हणजे अण्णा एकटे जाणार. सुराला ते लोक यंत्र लावणार. आजकाल चपट्या डब्याएवढी पेटी मिळते, बटण दाबलं की सूर सुरू, ना श्वास ना गाल. मल्लेश भिंतीवरून उठला, पँट झटकली, घरी येऊन म्हणाला, “अण्णा, तुमास्नी बोलावलंय. बेल्जमला.” आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांना सवय व्हावी म्हणून त्यानं स्वतःच ती पेटी मागवली. आठवडाभर अण्णा ओसरीत पेटीबरोबर वाजवत होते आणि मल्लेश मागच्या खोलीत गोधडीवर पडून ते ऐकत होता. इतकं वाईट त्याला उदगीरचे पाहुणे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! स्टँडवर फ्लेक्स लागला, ‘माकणीचे भूषण शिवानंद गुरव यांची सनई सातासमुद्रापार’. अण्णांचा फेट्यातला भला मोठा फोटो, खाली गॉगल लावलेल्या अकरा शुभेच्छुकांचे फोटो, आणि अण्णांच्या उजव्या बगलेशी मल्लेशचं कोपर. सोसायटीच्या चेअरमननं शाल-श्रीफळ दिलं. अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांचा असा सत्कार आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. घरी आल्यावर त्यांनी शाल काढली नाही, तशीच पांघरून जेवले. महानंदावैनी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बाईंशी ठरल्याप्रमाणं एका रविवारी संध्याकाळी फोनवर समोरासमोर बोलणं होतं. दुभाष्याचं काम करायला निकिता लातूरहून आली. बाहेरच्या खोलीत डब्याला टेकवून फोन ठेवला. अण्णा म्हणाले, “आज पेटी नगो. तू बस.” मल्लेश बसला, पण फोनला दिसणार नाही असा, ज्वारीच्या पोत्याला टेकून. समोर आनेलीसबाई आल्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. रामराम झाला. मल्लेशनं सूर धरला, अण्णांनी भूप सुरू केला, आणि छान रंगात आलेले असताना बाईंनी हात वर केला.

निकितानं ऐकून घेतलं. “त्या विचारतात, दुसरे कुठं आहेत?” तिनं फोन जरा वळवला. पोत्याला टेकलेला मल्लेश दिसल्यावर बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. “बाबा, तुम्ही जरा थांबा म्हणतात. काकांनी एकट्यानं वाजवायचं.”

आधी सूर तपासून घेत असतील, असं मल्लेशला वाटलं. रीतच आहे ती. त्यानं सूर धरला. एक मिनिट झालं, तीन झाली, सहा झाली, बाई थांबवेनात. त्यांच्या पाठीमागं आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले. बाईंनी डोळे मिटले होते. अण्णा मांडीवर सनई घेऊन बसले होते, आधी दाराकडं बघत, मग नुसतेच जमिनीकडं. शेवटी बाई बोलल्या, पुष्कळ बोलल्या. निकितानं एकदा बाबांकडं बघितलं, एकदा काकांकडं.

“काय म्हनत्यात?” अण्णांनी विचारलं.

“काका, त्यांना तुम्ही हवे आहात,” निकिता म्हणाली. “पहिल्यापासनं तुम्हीच. त्यांच्या खेळात एक बाई चाळीस मिनिटं दोरावरून खाली उतरते. ती हवेत आहे तोवर सूर तुटायचा नाही.”

“त्यास्नी सांग की, सनई अण्णा वाजवत्यात,” मल्लेश घाईनं म्हणाला. “सांग, म्या नुसता धरतो. न्हाय तर सुराला पेटी घ्या म्हनावं, अण्णा एकटं यायला तयार हायत.”

निकितानं सांगितलं. उत्तर आलं ते तिनं हळू आवाजात मराठीत केलं. सनई सुंदर आहे, पण आमच्या खेळात गाण्याला जागा नाही. पेटीही नको. पेटी थकत नाही. कुणीतरी माणूस थकत असून सोडत नाही, हे लोकांना ऐकू आलं पाहिजे.

अण्णांनी सनईच्या तोंडाची पत्ती काढून डबीत ठेवली, सनई फडक्यात गुंडाळली आणि वैनींना म्हणाले, “वाढ.”

त्यानंतरचे दिवस मल्लेशला फार जड गेले. अण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त बोलेनासे झाले. फ्लेक्स कुणी उतरवला नाही, आणि स्टँडवर भेटेल तो मल्लेशलाच विचारायचा, “अण्णा कवा निघनार?” हा म्हणायचा, “बघू की.” त्यानं निकिताला नकार कळवायला सांगितलं, मग थांब म्हणाला, मग पुन्हा कळव म्हणाला. निकितानं काहीच कळवलं नाही, शहाणी पोर. एका दुपारी धरणाच्या भिंतीवर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मल्लेश मोठ्यानं म्हणाला, “मला जायचं हाय.” स्वतःचा आवाज ऐकून त्याला लाज वाटली. पण म्हटलेलं खरं होतं.

निकितानं त्याचा होकार कळवला आणि आनेलीसबाईंनी कागदपत्रं मागवली. मल्लेश गुरव नावाचा माणूस एकतीस वर्षं हे काम करतो, याचा काहीतरी पुरावा तिकडं काम करायच्या परवान्यासाठी हवा होता. मल्लेशनं ट्रंक उपसली. लग्नपत्रिकांत अण्णांचं नाव, सत्काराच्या कागदावर अण्णांचं नाव, फोटोंत कोपर. निकितानं त्याच्या नावाचं नवं प्रोफाइल उघडून दिलं. जोडलेली माणसं शून्य. सहाशे माणसांचं ‘तुम्ही कसे आहात’ जुन्या प्रोफाइलवर अण्णांच्या नावावर पडून होतं. त्यानं मनिलाच्या पियानोवाल्याला नव्या नावानं लिहिलं, ‘मी शिवानंदचा धाकटा भाऊ.’ पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘अरे, तुमच्या भावानं तुमच्याबद्दल सांगितलं होतं. चांगला आहे म्हणाला, गप्प असतो म्हणाला. फार भला माणूस आहे तुमचा भाऊ. त्याला माझा नमस्कार सांगा.’ मल्लेशनं सांगतो म्हणून लिहिलं आणि फोन खिशात घातला. जगात एकच माणूस त्याला मित्र म्हणून ओळखत होता, आणि आता त्याच्याशीही नव्यानं ओळख काढायची होती.

प्रोफाइलवर शिफारस लागते. तुमच्याबरोबर काम केलेल्या कुणीतरी तुमच्याविषयी चार शब्द लिहायचे असतात. मल्लेशबरोबर काम केलेला माणूस एकच होता, आणि तो बोलत नव्हता.

लोहाऱ्यात एक लग्न होतं. सुपारी आलेली मल्लेशला माहीत होती, पण त्या सकाळी अण्णा त्याला न सांगता एकटेच निघाले, पिशवीत पेटी घेऊन. मल्लेश तासाभरानं मागून गेला. मांडवात शिरला नाही, आचाऱ्याच्या चुलाणामागं उभा राहिला. पेटी वाजत होती, सरळ, स्वच्छ. अण्णा चढायला लागले. पुढचे दोन दात पडल्यापासून अण्णांचा वरचा सा लागायचा नाही. लागता लागता किंचित खाली घसरायचा. अशा वेळी मल्लेश ओठ सैल करून आपला सूर अण्णांबरोबर थोडा खाली आणायचा, आणि मग हळूहळू दोघांना पुन्हा वर घेऊन यायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. अण्णांनाही लागत नसावा, असंच तो धरून चालला होता. पेटीला काय! पेटी आपली जागेवर ठाम. अण्णा घसरले आणि उघडे पडले. पंगतीतल्या लोकांचं लक्ष नव्हतं, पण खुर्चीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर करून बघितलं. चुलाणामागं मल्लेशचे ओठ आपोआप सैल झाले होते. तोंडात काही नव्हतं.

त्या दिवशी ऊन कलल्यावर अण्णा घरी आले. निकिता सुट्टीला आली होती, तिला हाक मारली. “ते शिफारशीचं तू म्हनत व्हतीस न्हवं, ते काढ फोनवर. म्या सांगतो, तू लिही.” मल्लेश दाराआडच बसला होता. अण्णांनी त्याला बघितलं होतं, पण तो तिथं नाहीच अशा तऱ्हेनं ते बोलले.

“आधी विचारतात, तुमचं नातं काय,” निकिता म्हणाली. “म्हणजे कामातलं. तुम्ही त्यांचे वरिष्ठ होता, त्यांच्या हाताखाली होता, की बरोबरीनं काम केलं?”

अण्णा म्हणाले, “बरोबरीनं घाल.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. “म्या शिवानंद गुरव. मल्लेश माझा धाकटा. एकतीस सालं माझ्या संगं वाजवला. सात सालं झाली, माझा वरचा सा घसरतोय. लोकास्नी कळलं न्हाय, कारन म्या घसरलो की ह्यो सूर घिऊन माझ्यासंगं खाली येतोय. त्याला वाटतंय मला ठावं न्हाय. मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय. म्या त्याला कवा बोललो न्हाय. बोललो असतो तर मला फेटा बांधून घ्यायला लाज वाटली असती. लोक मला चांगला म्हनत्यात, त्यातलं निम्मं ह्याचं हाय. बस, एवढंच.”

“बाबा, हे इंग्रजीत असंच लिहू?”

“जसं हाय तसं लिही. अन् खाली माझं नाव घाल, पुरं.”

मल्लेश दाराआड रडला. वैनी आतून बाहेर आल्या, त्याला तसं बघून परत आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून अण्णा त्याला ‘मल्ल्या, जेवायला चल’ म्हणायला लागले.

ऑगस्टच्या शेवटी तो गेला. सोलापूर, मुंबई आणि तिथून विमान. सगळं झालं खरं. तिथली खोली नीटनेटकी होती, माणसं फार सौजन्यानं वागायची, भाकरी मिळायची नाही. भिंतीवरच्या पत्रकात त्याचं नाव होतं, मल्लेश गुरव, मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली दुसऱ्या कुठल्याच वादकाचं नाव नव्हतं. खेळाच्या वेळी सगळा अंधार. वर एक मुलगी दोराला लटकलेली, खाली एका वर्तुळात तो. चाळीस मिनिटं. लोक श्वास रोखून ऐकायचे आणि संपल्यावर उभे राहून टाळ्या वाजवायचे. पहिल्या आठवड्यात तो त्या टाळ्यांनी अगदी भांबावून गेला. रोज एक फोटो निकिताला पाठवायचा, पूर्ण चेहऱ्याचा. नंतर पाठवेनासा झाला. आनेलीसबाई म्हणाल्या, तुझा सूर केसभरही हलत नाही, हे कसं जमतं? त्यानं मान हलवली. सूर हलवायचा कुणासाठी? इथं कुणी घसरत नव्हतं. तो एकटाच सूर धरायचा आणि कान लावून बसायचा, आणि त्या सुरावर कुणीच यायचं नाही.

एका रविवारी दुपारचा खेळ आटोपल्यावर त्यानं घरी फोन लावला. तिकडं दिवेलागण झाली होती. अण्णांनी घेतला. कामाचं विचारलं, थंडीचं विचारलं.

“सूर कसा लागतोय?”

“सरळ लागतोय, अण्णा.”

अण्णा “बरं” म्हणाले. मग मल्लेशनंच विचारलं, “तुमी वाजवताव का?”

“सुपाऱ्या बंद केल्या. देवाम्होरं वाजवतो सांजचं. पेटी न्हाय लावत.”

“आता वाजवा की. म्या धरतो हितनं.”

अण्णा नको नको म्हणाले, पण सनईचं फडकं सोडल्याचा आवाज आला. मल्लेशनं फोन टेबलावर उताणा ठेवला, पत्ती ओली केली आणि सूर धरला. पलीकडून भूप यायला लागला, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. अण्णा चढले. वरच्या सा ला पोचले आणि घसरले. मल्लेशनं ओठ सैल केले, सूर घेऊन खाली आला. पण अण्णांची घसरण फोनमधून त्याच्यापर्यंत यायलाच एक क्षण लागला होता, आणि त्याचा सूर परत माकणीला पोचायला आणखी एक. तो खाली आला तेव्हा अण्णा केव्हाच वर सावरायच्या धडपडीत होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळेला अण्णा मधेच थांबले.

“ऱ्हाऊ दे, मल्ल्या,” ते म्हणाले. “तू येतूस खाली, पन म्या तिथं नसतो.”

मल्लेशनं सनई टेबलावर ठेवली. जेवलास का, जेवलो, तुमी जेवलाव का, आता बसतो, एवढं बोलून दोघांनी फोन ठेवला.